गळतीतात्यांचं पान

गळतीतात्या फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. फोन उचलला की पहिला प्रश्न, “कुणाकडून?” म्हणजे तुम्हाला आमचं नाव कुणी सांगितलं? त्याचं नीट उत्तर मिळालं तरच पिशवी उचलायची, नाहीतर समोरच्याच्या घरात पाण्याचा पूर आला तरी तात्या जागचे हलायचे नाहीत. “वळखीशिवाय कुणाच्या मोरीत शिरायचं नाय,” हा त्यांचा नियम. मोरी म्हणजे घराचा सगळ्यात आतला कोपरा, तिथे परक्याने बसू नये, असं ते म्हणत.

नळाचं, टाकीचं, गळतीचं काम ते आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत माझ्या जन्माच्या आधीपासून करत होते. जिन्याखाली एक बाकडं, बाकड्याखाली गोणपाटाची पिशवी आणि वर तात्या. काकी गावाला, कुडाळजवळ, घर सांभाळून. त्या दर फोनला “आता पुरे झाली ती मुंबई” म्हणायच्या आणि तात्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, “हातात काम आसा तवसर मी हय.” काम संपलं की गावाला जायचं, असा नवराबायकोतला करारच होता. तात्यांना गावाला जायचं नव्हतं, हे अख्ख्या चाळीला माहीत होतं.

मग पुनर्विकास आला. चाळ रिकामी झाली, कोणी संक्रमण शिबिरात गेलं, कोणी भाडं घेऊन कुठच्या कुठे. तात्यांनी भोईवाड्यात एका ओळखीच्यांकडे पोटमाळा घेतला. पण गिऱ्हाईकच पांगलं तर काम कुठून येणार? महिनाभर फोन वाजला नाही तेव्हा ते माझ्याकडे आले. मी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते, म्हणून फोनमधलं सगळं मला कळतं असा चाळीचा समज होता. तो चुकीचा होता, पण मी कधी खोडून काढला नव्हता. “बाय, त्या मोबाईलमदी लोक हल्ली पलंबर शोधतत म्हणे. माका घाल त्यात,” तात्या म्हणाले.

नकाशाच्या ॲपवर त्यांच्या धंद्याचं पान उघडून घातलं. पण घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. पहिलाच प्रश्न, व्यवसायाचं नाव. मी त्यांचं खरं नाव लिहून पुढे ‘प्लंबिंग सर्व्हिसेस’ जोडलं. तात्या म्हणाले, “ह्या माणसाक कोण वळखता?” खरंच होतं, मीसुद्धा ते नाव त्या दिवशीच ऐकलं. पण ‘गळती’ नावाच्या माणसाला गळती थांबवायला कोण बोलावणार? तरी शेवटी ‘गळतीतात्या’च लिहिलं. पुढे कामाची वेळ. “पाणी गेल्यावर.” अहो, पाणी कधी जातं? “ता पाण्याक इचार.” मग पत्ता. चाळीचा पत्ता दिला तर नकाशावरची खूण नेमकी पत्रे ठोकून खणून ठेवलेल्या खड्ड्यात पडली. खात्री पटवायला ॲपवाले दुकानाच्या पाटीचा व्हिडिओ मागत होते, आणि पाटी कुठून आणू? शेवटी पिशवीतलं एकेक हत्यार बाहेर काढून त्याचंच चित्रण केलं. ते कुणी आणि कशाच्या जोरावर मान्य केलं, हे मला आजही समजलेलं नाही.

फोटोवरून तर भांडणच झालं. तात्या इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला गंध लावून, हात जोडून उभे राहिले. मी म्हटलं, “तात्या, असा फोटो बघून लोक मत देतील, काम नाही. हातात पाना घ्या.” ते म्हणाले, “पहिल्यांदा कुणाच्या दारात जायचं तर हात जोडून जायचं की पाना घेऊन?” हात जोडलेलाच फोटो पानावर गेला.

पान तयार झालं, आणि मी चाळीच्या ग्रुपवर टाकलं की तात्यांबद्दल दोन शब्द लिहा. मला वाटलं होतं लोक लिहितील, चोख काम, वाजवी दर. आमची माणसं ती! त्या पानाची त्यांनी चाळीची गप्पांची गॅलरी करून टाकली. एकीने लिहिलं, “तात्या, जेवलात का?” एकाने लिहिलं, “पाच तारे देतो पण बोलावलं की येत नाहीत, सारखा चहा पीत बसतात.” खालच्या मजल्यावरच्या मावशींनी तर स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते सविस्तर लिहिलं आणि त्याखाली तिघांनी त्यांना औषधं सुचवली. मी कपाळावर हात मारून घेतला. हे वाचून कुठला शहाणा माणूस फोन करणार होता?

फोन आले, पण तात्यांनीच ते घालवले. “कुणाकडून?” विचारलं की पलीकडचा म्हणायचा, “ऑनलाइन बघितलं.” तात्या विचारायचे, “त्यांचं आडनाव काय?” झालं. मी चिडून म्हटलं, “अशाने तुम्हाला गावालाच जावं लागेल.” ते पिशवीचं तोंड बांधत बसले. मी बोलून गेले आणि मलाच वाईट वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी ते माझ्याकडे बसलेले असताना फोन वाजला. एक मुलगी होती, अमरावतीची, परळला इस्पितळात नर्स, नवीनच आलेली. नेहमीप्रमाणे “कुणाकडून?” झालं. ती गोंधळली. म्हणाली, “कुणाकडून नाही हो काका. माझं इथे कोणीच नाही. एकटी राहते. त्या पानावर सगळे तुम्हाला जेवलात का विचारतात, म्हणून म्हटलं या काकांना घरात घ्यायला हरकत नाही.”

तात्या उठलेच. चहा तसाच टाकून गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “चांगली पोर आसा. आपल्या चाळीतल्यांनी धाडलान तिका.” मी इतके दिवस घासूनपुसून लिहिलेला मजकूर कुणी वाचला नव्हता, आणि ज्याची मला लाज वाटत होती त्यानेच काम आणलं. यात धडा काय घ्यायचा, मला तेव्हाही उमगलं नाही. पण त्या नर्सबाईकडून तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींकडून घरमालक आले, आणि काकींच्या फोनला तात्या पुन्हा छाती काढून “काम आसा” सांगू लागले. तेवढ्यावर मी खूश होते.

दीडेक वर्ष छान गेलं. मग तात्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिने चढवेनात. लिफ्टच्या इमारतीतलीच कामं घ्या म्हटलं, तर मोरीत बसलेलं उठवेना. काम होतं, माणूसच उरला नव्हता. परळच्या डेपोत मी त्यांना एसटीत बसवून दिलं. पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती, वर ठेवू दिली नाही.

आठवड्याने गावाहून फोन आला. “लोकांचे फोन येतत गो. नाय म्हणताना जीव तुटता. ता पान बंद कर.” मी पान उघडलं. बंद करायचं तर तिथे दोन पर्याय होते, ‘तात्पुरते बंद’ आणि ‘कायमचे बंद’. दोन्ही त्यांना वाचून दाखवले आणि विचारलं, “तात्या, कुठलं दाबू?”

पलीकडे मागून काकी विचारत होत्या, “कोणाचो फोन?” मग तात्या अगदी हळू म्हणाले, “माका इचारू नको, बाय. तुझा तू काय ता दाब.”

ते परत येणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यांनाही होतं. मी ‘तात्पुरते बंद’ दाबलं. काय दाबलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानंतर आमच्या बोलण्यात तो विषय कधी निघाला नाही.