पोळ्या लाटणारं यंत्र

सुधाकरदादाला मी शेवटचं भेटले ते चिंचवडच्या दवाखान्यात. मी म्हणाले, "एकदा तरी आईला सॉरी म्हण." नाकातली नळी सावरत तो म्हणाला, "मशीन बरोबर होतं. तिनं हात घातला." चौथ्या दिवशी तो गेला. महिना झाला, मला रडू आलेलं नाही...

माझा हा थोरला भाऊ चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला, साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात होता. तरुणपणी त्यानं जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, त्यासोबत एकच रीळ आलं: आठेक मिनिटांचं, काळंपांढरं कार्टून. त्यात एक मिशाळ संशोधक अचाट यंत्रं बनवतो. टोपी घालणारं, घास भरवणारं, झोपलेल्याला पलंगासकट उलटं करणारं. प्रत्येक यंत्र बिघडतं, माणूस पापडासारखा चपटा होतो आणि लगेच कपडे झटकत उठतो. रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून दादा ते सगळ्या कॉलनीला दाखवायचा. लोक हसून लोळायचे. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू.

दादाचं मात्र नुसतं बघून भागेना. भंगारातले रोलर आणि पिठाच्या गिरणीची जुनी मोटर जोडून त्यानं पोळ्या लाटणारं यंत्र बनवलं. रोलरवर झाकण नव्हतं. मी विचारलं, तर म्हणे, "झाकण लावलं तर लोकांना दिसणार काय?" सगळ्यांसमोर त्यानं आईला यंत्रापाशी उभं केलं. तिसरी पोळी अडकली, ती सोडवायला आईनं हात घातला... उजव्या हाताची दोन बोटं गेली. बटण मी बंद केलं. दादा वाकून आधी रोलर तपासत होता.

परवा बुद्धविहारात दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्याच्या टूलरूममधले एक जण उठून म्हणाले, "माणूस नव्हता राव, कारखाना होता! मशीनच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी न्हाई." शेजारी बसलेल्या आईनं उजवा हात पदराखाली घेतला. मला राहवेना. उभी राहून म्हणाले, "हाताचं म्हणाल, तर आमच्या आईचा बघा."

वहिनी म्हणाली, "आजच्या दिवशी तरी नको ना, ताई."

"मग कधी? तो होता तेव्हाही तुम्ही बोलू दिलं नाहीत."

वहिनी त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. नाही तर नाही.

आई माझ्याकडे राहते. मिक्सर लावण्याआधी माझी मुलगी हाक मारते, "आजी, लावते हं!" आई हातातलं टाकून गॅलरीत जाते, दोन्ही हात काखेत दाबून उभी राहते. आवाज थांबला तरी आत येत नाही. मग मुलगी जाऊन सांगते, "आजी, प्लग काढलाय."