दुसऱ्यातून तिसऱ्यात

लग्नानंतर माझ्यावर आलेलं पहिलं जबाबदारीचं काम म्हणजे फटफटीचं मागचं चाक हाताने फिरवणं. स्वयंपाक सासूबाईंनी स्वतःकडेच ठेवला होता. माझ्या हातचं कालवण त्यांनी एकदा चाखलं होतं, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही.

घिवलीला राहायचो आम्ही. नवरा बोईसरला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात गिअरचे दाते पाडायच्या मशीनवर. मी पालघरची, मॅट्रिक पास, आणि तेवढ्यावर नाक वर करून चालणारी. ‘मुलगा गिअर बनवतो’ एवढं ऐकून या शहाणीने सगळ्या मैत्रिणींत तो इंजिनिअर असल्याचं जाहीर करून टाकलं होतं. लग्नानंतर तो ओटीवर बसून घासलेटच्या बोळ्याने नखं साफ करायला लागला, तेव्हा माझं इंजिनिअरीणपण उतरलं.

फटफटी आमची नव्हती. वसईच्या एका शर्यतवाल्याची होती. चिखलातून, खड्ड्यांतून, उंचवट्यांवरून उड्या मारत पळवायच्या शर्यती असतात ना, त्यातली जुनी विलायती गाडी. तिचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा बसायचा आणि त्यात चारच गिअर होते. शर्यतवाल्याचं म्हणणं, चढावर दुसरा किंचाळतो आणि तिसऱ्यात दम तुटतो, मधे एक हवा. तेवढ्याच पेटीत पाचवा गिअर कोंबायचा घाट माझ्या नवऱ्याने घातला. मालकाची परवानगी काढून तो पाळी सुटल्यावर थांबायचा आणि दाते पाडायचा. ‘सॅम्पल’ म्हणायचा त्या गिअरबॉक्सला. असला दुसरा कुठे नाही, हे मला इतक्यांदा सांगायचा की मला त्या पेटीचा मत्सर वाटायचा. हसू नका. खरंच वाटायचा.

घरी आला की गाडी स्टँडवर. मागचं चाक अधांतरी. मी ते फिरवायचं, त्याने क्लच दाबून गिअर टाकायचे. आतली चाकं फिरती असल्याशिवाय एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून मी. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तो जरा थांबायचा, मान वाकडी करून कान लावायचा, मग पायाने दाबायचा. मी नायलॉनची साडी काळी करून घेत फिरवत राहायची. सासूबाई अंगणातून विचारायच्या, “काय दळतंस गो सूनबाय? पीठ तं काय दिसत नाय!”

मग त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला केला, मग दवाखाना केला. तो गेला.

लोक यायचे, रडायचे. मी पदर तोंडावर ओढून आत जांभया द्यायची. बायकांना वाटायचं, हुंदके आहेत. पाय, हात, जीभ, सगळं दुसऱ्या कुणाचं असावं तसं झालं होतं. चहात साखर आहे की नाही ते कळायचं नाही. फार विचार करणारी मुलगी होते असं समजू नका. भिंतीवर पाल कुठून कुठे जाते, एवढंच बघायची.

दिवसकार्य झालं आणि शर्यतवाला आला. सासूबाईंच्या पाया पडला, माझ्याकडे न बघता म्हणाला, “वहिनी, गाडी न्यायला आलोय. शर्यत जवळ आलीय. आतलं सॅम्पल चालतंय का बघतो, नाहीतर काढून जुना बसवतो.”

काढला की तो गिअरबॉक्स पुन्हा कुणी कशात बसवणार नव्हतं. एवढं मलाही कळत होतं. भूक नव्हती, झोप नव्हती, पण तो काढू नये, एवढं एक मला हवं होतं.

किनाऱ्याकडे एक चक्कर मारून शर्यतवाला परतला. येतानाची कडकड घरात ऐकू आली. “तिसरा पडतच नाही,” म्हणाला. अंगणात गोणपाट पसरलं आणि पाने-पक्कड मांडायला लागला.

“स्टँडवर लावा,” मी म्हटलं.

“कशाला?”

“मी चाक फिरवते.”

“आजून धड जेवत नाय, आनि फटफटीला झोंबते,” सासूबाई आतून म्हणाल्या. पण बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

मी चाक फिरवलं. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला त्याने धाडकन पाय मारला आणि कडकड माझ्या तळव्यात आली.

“थांबा. दुसऱ्यातून निघाला की थांबायचं. ते थांबायचे.”

“किती?”

आता या शहाणीला काय ठाऊक किती! “मान वाकडी करायचे, तेवढं,” म्हणाली बावळट.

त्या भल्या माणसाने खरोखर मान वाकडी केली. थांबला. दाबलं. टक्. तिसरा पडला, मागोमाग चौथा, पाचवा. त्याने पुन्हा खाली आणले, पुन्हा वर नेले. मग गाडीवरून उतरला.

“काम सुरेख आहे, वहिनी. पण शर्यतीत थांबायला वेळ कुठाय? मी थांबलो की मागचे अंगावरून जातील.”

“तेही ते दुरुस्त करणार होते.”

“हो. करणारच होते.”

आजची मी असते तर भांडले असते. तेव्हाची ती नुसतं चाक फिरवत राहिली. गाडी न्यूट्रलला होती, कुणी गिअर टाकणार नव्हतं, तरी फिरवतेय. शेवटी त्यानेच हात घालून चाक थांबवलं आणि पाना उचलला.

“शर्यत आज हाय का?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, आई.”

“मंग आज कंची घाई तुला? जा वसईला सावकाश. माजा पोर थांबायचा, तू बी थांब.”

त्याने पाना खाली ठेवला. मग ओटीखाली पडलेला जुना गिअरबॉक्स गोणपाटात बांधून मागे लावला. “शर्यतीला बदलीन,” म्हणाला. “खोटं सांगत नाही. पण घरापर्यंत ह्याच्यावरच जातो.”

कुंपणापाशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. पहिला गेला. दुसरा गेला. मग आवाज खाली आला, आणि काहीच नाही. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. धरल्याचं मला दिसलं, कळलं नाही.

तिसरा पडला.

“आता चवथा,” सासूबाई म्हणाल्या.

तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती. चौथा काही ऐकू आला नाही. आम्ही उभ्याच होतो.