निळ्या फितीच्या बकऱ्या

जनावरांच्या पोटातल्या जंतांवर ओव्याचं तेल चालतं का, हे सिद्ध करण्यात माझी दोन वर्षं गेली. ओवा पोटाला चांगला, हे सेलूकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. पण बाईला ठाऊक असून भागत नाही, ते आलेखात यावं लागतं. माझी पशुवैद्यकाची पुढची पदवी त्या आलेखापाशी अडून बसली होती. सरांनी आधीच सुनावलं होतं, "या खेपेला निकाल नाही आला तर वर्ष गेलं समजा."

सेलूजवळच्या एका गावात एका मावशीच्या बारा बकऱ्या प्रयोगाला मिळाल्या. घरची भाजीपाल्याची शेती. मेथी-वांगी बाजारात जायची आणि उरलेल्या पाल्यावर या बकऱ्या पोसायच्या. मी सहा जणींच्या गळ्यात लाल फीत बांधली, सहा जणींच्या निळी. लालवाल्यांना ओव्याचं तेल मिसळलेलं औषध, निळ्यांना नुसतं साधं तेल. दोन बाटल्या, रोज सकाळी एकेक पिचकारी. आता वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या माझ्या खोलीवरून रोज कोण मरायला येणार? पाजायचं काम मी मावशीच्याच गळ्यात घातलं.

"निळ्यायले काऊन नाई?" मावशीने विचारलं.

"तुलना करायला. त्यांना औषध द्यायचंच नाही."

"त्यायच्या पोटात जंत नाईत का?"

"आहेत ना, मावशी. म्हणून तर!"

तिने बाटल्या उचलून आत नेल्या. मी खूश. किती समजूतदार बाई, म्हटलं!

निळ्यांत एक काळं पिल्लू होतं. पापणी उलटून पाहिली तर पांढरीफटक, जंतांनी रक्त पिऊन टाकलेलं. मी वहीत त्याच्या नंबरापुढे पेन्सिलने लिहिलं, "बहुतेक जाईल." आम्हा शास्त्रवाल्यांना मरणाचीही नोंद कामाला येते. माझ्या बॅगेत नेहमीचं जंताचं औषध होतं. ते दिलं असतं तर सगळी तुलना बिघडली असती, म्हणून दिलं नाही.

पंधरा दिवसांनी मी बाराही जणींच्या लेंड्या गोळा केल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी मोजत बसले. मान मोडली, डोळे फुटायची पाळी आली, आणि निकाल काय? लाल असो की निळी, अंडी सगळ्यांचीच कमी. सरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "साधं तेलही जंत मारतं! अगदी नवा शोध आहे हा!" बाप्पा! तसं असतं तर इतकी वर्षं भजी खाणाऱ्या आमच्या वर्धा जिल्ह्यात औषधालासुद्धा एक जंत उरला नसता.

मी तणतणत मावशीकडे गेले. ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"खरं सांगा मावशी, निळ्यांना काय पाजलं?"

"सगळ्यायले सारखंच. दोन्ही बाटल्या दुधाच्या गंजात ओतल्या, हालवल्या, अन् सारखं वाटलं."

"अहो, पण मी काय सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं, बाई. पण एका पंगतीत अर्ध्यायले तूप वाढाचं अन् अर्ध्यायले नुसता हात दाखवाचा? आमच्या घरी असं वाढत नाई."

झालं! माझं अख्खं वर्ष या बाईने पंगतीला वाढून टाकलं. गंमत म्हणजे ओव्याच्या अर्ध्या तेलातही जंत पडले होते, पण त्याचा आलेख कुठून आणू? संतापाने मला रडू फुटलं, अगदी हमसून. मावशीने पाण्याचा गिलास पुढे केला.

"ते काळं मेलं असतं, तं तुह्यं बरोबर झालं असतं का?"

काळं पिल्लू माझी ओढणी चघळत उभं होतं. मी "हो" म्हणाले. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

वर्ष गेलंच. पुढच्या वर्षी मी जाम गावाकडचा एक गोठा धरला. मालक इतका शिस्तीचा, की सांगितल्याशिवाय बकरीला पाणीही दाखवणार नाही. तिथे कुणी कुणाला चोरून वाढलं नाही. आलेख असा देखणा आला, की सरांनी तो मोठा करून भिंतीवर लावला. पदवी मिळाली. त्या गोठ्यातही निळ्या फितीचं एक पिल्लू होतं, पापण्या तशाच पांढऱ्या. आणि माझ्या बॅगेत तेच औषध होतं.

पेढे घेऊन मी मावशीकडे गेले. दारात ती काळी बकरी बांधलेली, आता गाभण, गळ्यात अजून ती विटकी निळी फीत. मावशीने कौतुकाने पेढा उचलला. तोंडाजवळ नेता नेता थांबली.

"अन् या खेपेले निळ्यायचं काय झालं?"

"एक गेलं," मी म्हणाले.

मावशीने पेढा परत डब्यात ठेवला आणि ती बकरीला पाणी दाखवायला उठली.