मागून घेतलेल्या कळा

पहिल्या बाळंतपणात मला एकही कळ आली नाही. मुलगी पायाळू होती, म्हणून तारीख ठरवून सिझेरियन झालं. सगळं सुखरूप पार पडलं, तरी चार बायका आपापल्या बाळंतपणाचं सांगू लागल्या की मी उठून आत जायचे. आपलं काहीतरी राहून गेलं, असं वाटायचं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा कर्णपुऱ्याच्या देवीपुढं मी एकच मागितलं, "आई, या खेपेला कळा दे."

दिलेली तारीख उलटली, तरी पोट शांतच. देवीनं ऐकलंच नाही का, या शंकेनं जीव तुटायचा. पिशोरहून आलेली माझी आई म्हणायची, "लई हट्ट करू नको, बाई. लेकरू हाती येऊ दे." शेवटी दवाखान्यात भरती झाले. डॉक्टरबाईंनी समजावलं, "मागच्या टाक्यांवर ताण येऊन पिशवी फाटायचा धोका असतो, म्हणून कळांच्या गोळ्या तुम्हाला चालत नाहीत. आधी पिशवीचं तोंड उघडायला फुगा लावू, मग सलाईनमधून अगदी थोडं औषध. टाक्यांच्या जागी दुखलं तर लगेच सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली कळ आली आणि मी आनंदानं रडले. पुढची प्रत्येक कळ मी प्रसादासारखी घेत होते. मग ओटीपोटात एक दुखणं आलं, ते कळ ओसरली तरी जाईना. मला वाटलं, बाळंतपण असंच असणार. जे इतकं मागून घेतलं, त्याची तक्रार कशी करायची?

शेजारच्या खाटेपाशी एक खाला, म्हणजे मुसलमान मावशी, सुनेसोबत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "बेटी, दर्द गया ना? फिर हात वहींच कायकू रखी?" उत्तराची वाट न बघता त्यांनी दारात जाऊन सिस्टरला मोठ्यानं हाक मारली. डॉक्टरबाई धावत आल्या, टाक्यांवर हात ठेवताच मी ओरडले. बाळाचे ठोके उतरत होते. सलाईन बंद झालं, मला ऑपरेशनला नेलं. तेव्हा मी देवीकडं पहिल्यांदाच काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "आई, तुझं तू बघ."

मुलगा उशिरानं रडला, पण रडला. जुन्या टाक्यांची जागा उघडू लागली होती, असं डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं.

खाला बाळाला बघायला आल्या, तेव्हा मी त्यांचे हात धरले. त्या संकोचून म्हणाल्या, "मैं क्या करी? तेरी सूरत देख के डर गई, बस."

त्या घडीला त्यांची नजर माझ्याकडं कुणी वळवली, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. राहून गेल्याची हुरहूर मात्र अजून आहे. बाळाला पाजताना कधी कधी ती दाटून येते. आता ती पुरी कर म्हणत नाही, काढून घे असंही म्हणत नाही. आहे तशी देवीआईच्या पायाशी ठेवते, आणि लेकराला दुसऱ्या कुशीवर घेते.