दाखल्यावरची तारीख

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. धुतलेल्या बाटल्या पट्ट्यावरून पांढऱ्या दिव्यासमोर सरकत होत्या. तडकलेली किंवा डाग राहिलेली बाटली इसिडोर मान न वळवता उचलून बाजूच्या पेटीत टाकत होता. डेअरीत हे काम तो सहा वर्षे करत होता, पण अजून बदली कामगारच होता. मुकादम मधुकर मागून येऊन त्याच्या कानाशी ओरडला. त्या खडखडाटात दुसरा इलाज नव्हता.

“सातला सुटी देतो. पण उद्या पाचला दिसला नाहीस तर जागेवर दुसरा उभा राहील. मग मला सांगू नको.”

“दिसेन.”

“पोरीचं होतंय ना काम?”

“कागद गावला की झालं.”

तो १९६६ सालच्या मे महिन्यातला एक मंगळवार होता. पोर म्हणजे त्याची मुलगी एमिलिया. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आई पर्पेच्युआ दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. इसिडोर कामावर असला की मरोळच्या घरी शेजारीण एथेल तिला सांभाळी. सांभाळी म्हणजे जुन्या लुगड्याच्या पट्टीने तिचा पाय ओटीच्या खांबाला बांधून ठेवी. एथेल वाईट नव्हती. समोरच्या रस्त्यावरून दगडखाणीचे ट्रक जात आणि मागच्या महिन्यात एक ट्रक एमिलियापासून हातभर अंतरावर थांबला होता.

अंधेरीत बधिर मुलांची एक शाळा होती. तिथे मुलं राहत, बोलायला शिकत. सात पुरी झालेलं मूल मात्र घेत नसत. एमिलियाला सप्टेंबरात सात पुरी होणार होती. अर्ज दिलेला होता. जन्मतारखेचा दाखला आज पाचपर्यंत हवा होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाप्तिस्मा खाडीपलीकडच्या मनोरीच्या देवळात झाला होता आणि जन्माची नोंद तिथेच होती. पोरीला घेऊन इसिडोर मार्वेच्या धक्क्यावर पोचला तेव्हा दहा वाजले होते आणि खाडी काठोकाठ भरलेली होती. होडीत एमिलियाने पाण्यात हात घातला, मग बापाची हनुवटी धरून त्याचं तोंड पाण्याकडे वळवलं. कुणाला काही दाखवायची तिची हीच रीत होती.

देवळात कारकून गिल्बर्ट होता, फादर नव्हते. जवळच्या कुळवेम गावात कुणी शेवटच्या घटका मोजत होतं, तिकडे गेले होते.

“सहीशिवाय दाखला कसा देऊ? बस,” गिल्बर्ट म्हणाला. “पोरगी भुकेली असेल. भाकर देतो.”

फादर पावणेतीनला आले. सही झाली, शिक्का बसला. निळ्या शाईतला दाखला सदऱ्याच्या वरच्या खिशात घालून इसिडोर धक्क्याकडे धावला.

त्या दिवशी चतुर्दशी होती, ओहोटी मोठी. कोळ्याच्या पोरालाही कळलं असतं की तीन वाजता तिथे पाणी नसणार. होडी लांब, चिखलापलीकडे उभी होती. तिच्यापर्यंत चालायच्या वाटेची खूण म्हणून रोवलेल्या खुंट्यांची एक वाकडी रांग गेली होती आणि शेवटचे उतारू त्या खुंट्यांच्या कडेने जाऊन होडीत चढत होते. पुढची होडी पाणी आल्यावर.

“खुंट्यांनी या,” होडीवाला भाऊ ओरडला. “पाय उचलू नका, सरकवा.”

इसिडोरने पोरीला खांद्यावर घेतलं आणि सरळ रेघेत निघाला. चिखल त्याला कुणी शिकवायला नको होता. दर आषाढात तो दुसऱ्यांच्या खाचरांत लावणीला जाई. खाचरात पाय उचलून टाच घट्ट रोवतात. पोटरीभर गाळाखाली कडक जमीन लागते, तिच्यावर माणूस उभा राहतो.

इथे जमीन लागलीच नाही. तिसऱ्या पावलाला तो मांडीपर्यंत गेला, सुटायला दुसरा पाय जोराने रोवला तसा छातीपर्यंत. त्याने पोरीला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. खिशात हात घालायला तिसरा हात नव्हता.

भाऊने फळी सरकवत आणली. आधी पोर घेतली, मग त्याला ओढलं.

“शेतकरी ना रे तू? चालीवरूनच कळलं. आमच्या खाडीत भात लावायला निघालास होय?”

इसिडोर खिसा चाचपत होता.

पावणेपाचला तो शाळेच्या टेबलासमोर उभा होता, अंगावर वाळलेला चिखल. कारकून मृणालिनीबाईंनी दाखला खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

“नाव लागतंय. तारीख पार पसरलीय हो.”

“आठ सप्टेंबर. मदर मेरीचा सण. सात पुरी नाय झाली अजून.”

“ते तुम्ही सांगताय. कागद सांगत नाही.”

“बाई, तिला बांधून ठेवतो आम्ही.”

त्यांनी एमिलियाच्या घोट्यावरचा वळ पाहिला.

“यादी उद्या बाराला कमिटीकडे जाते. त्याच्या आत नवा आणलात तर नाव घालते. बाराच्या पुढे माझ्याच्याने काही व्हायचं नाही.”

घरी आल्यावर इसिडोरने पोरीला आंघोळ घातली, भात भरवला आणि गजराच्या घड्याळाचा काटा रोजच्या साडेतीनवरून साडेचारवर आणला.

उद्या पौर्णिमा, सकाळी पुन्हा ओहोटी. मार्वेहून पहिली होडी साडेसातला सुटते. डेअरीतली पाळी पाचला लागते.