फ्लॉपीवरचं स्थळ

अण्णांनी माझं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलं तेव्हा मी नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होते. आयटीआय करून लागले होते. दिवसभर मशीनच्या सुट्या भागांची चित्रं ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, एवढंच काम, पण ते मला आवडायचं. अण्णा पारनेर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. ते निवृत्त झाले, आम्ही नगरला राहायला आलो, आणि हातात रिकामा वेळ आल्याबरोबर त्यांनी माझ्या लग्नाचं मनावर घेतलं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात पत्रिका, गुण, मंगळ असलं काही बघत नाहीत, आणि अण्णांना त्याचा मोठा अभिमान. त्यामुळे नगरमध्ये कॉम्प्युटरवर स्थळं जुळवणारं केंद्र निघालं तेव्हा ते त्यांना एकदम पटलं. "शिक्षण, उंची, नोकरी यावरून यंत्र जुळवतं," ते आईला म्हणाले. "शास्त्रीय काम आहे."

मला न विचारता ते एकटेच जाऊन आले. आल्यावर जेवताना कौतुकाने सांगत बसले. चपला बाहेर काढायला लावतात, आत थंडगार मशीन, केंद्राचा चालक विचारतो आणि आपण सांगतो तसं पडद्यावर अक्षरं उमटत जातात. शेवटी चालकाने विचारलं म्हणे, "गुरुजी, मुलीच्या बाबतीत काही लपवाछपवी नको हं. नंतर आमच्या नावाने ओरड होते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तो पाठीवरचा पांढरा डाग आहे, तो सांगून टाकला. नंतर कुणी फसवलं म्हणायला नको."

माझ्या कमरेच्या जरा वर, पाठीवर, रुपयाएवढा एक पांढरा डाग होता. वाढत नव्हता, दुखत नव्हता. आई, अण्णा आणि डॉक्टर सोडले तर कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी ताटावरून उठले. अण्णांना कळेचना की मी का चिडले. "खोटं सांगितलं का मी?" एवढंच ते म्हणत राहिले.

महिनाभर काही झालं नाही. मग पाहुणे सुरू झाले. आधी रीतसर, चिठ्ठी पाठवून येणारे. मग न कळवता येणारे. मग कंपनीत फोन यायला लागले. रिसेप्शनवरची बाई इंटरकॉमवर मला बोलवायची आणि मी रिसीव्हर उचलला की पलीकडून कुणीतरी अनोळखी माणूस माझी उंची बरोबर आहे का ते विचारायचा. साहेबांनी एकदा ऐकवलंच, "मॅडम, हा कंपनीचा फोन आहे." मी कुणाकुणाला काय सांगणार होते?

आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत वॉचमन आत आला. बाहेर दोघंजण आलेत, म्हणाला. त्याच्या बोलण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता. मी गेटवर गेले. फेटेवाले एक मामा आणि त्यांच्याबरोबर एक तरुण, मान खाली घालून उभा.

"तुमीच का त्या?" मामांनी विचारलं. "आमाला नाव नीट वाचता येईना कागदावरलं. म्हनून या वॉचमनला इचारलं, ड्रॉइंगमधी पाठीवर डाग हाय त्या ताई कोन्त्या."

गेटजवळ सायकली लावणारी, तंबाखू मळणारी निम्मी कंपनी उभी होती.

मामा वाईट नव्हते. त्यांनी वाचलं ते विचारलं. त्यांच्या हातातल्या छापील कागदावर माझं शिक्षण, पगार, घराचा पत्ता, कंपनीचा पत्ता आणि शेवटी तो डाग, सगळं ओळीने होतं. "हा कागद कुठं मिळाला?" मी विचारलं.

"श्रीरामपूरला. तितं बी केंद्र हाय की."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नगरच्या केंद्रात गेले. चप्पल बाहेर काढली, हेसुद्धा मला त्या दिवशी झोंबलं.

"माझी माहिती काढून टाका," मी चालकाला म्हणाले.

"वर्षाची नोंदणी आहे, ताई. मध्येच कशी काढणार?"

"माझी माहिती, मी सांगते, काढा."

कटकट नको म्हणून त्याने दोन-चार बटणं दाबली. पडद्यावरची माझी ओळ गेली. "झालं समाधान?"

"श्रीरामपूरला कशी गेली?"

"फ्लॉपीवर कॉपी करून. संगमनेर, श्रीरामपूर, पुणे, सगळीकडे देतो आम्ही. त्याशिवाय स्थळं कशी मिळणार? सेवाच आहे ती."

"कुणाला विचारून दिलीत?"

"तुमच्या वडिलांनीच तर सगळं सांगितलं."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं. श्रीरामपूरला नाही सांगितलं."

मी वेड्यासारखं बोलते आहे असंच त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, "ताई, माहितीच आहे ती. तुमचं काय कमी झालं?"

पोलीस चौकीत हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोटं छापलंय का?" मी नाही म्हटलं. "धमकी दिली? पैसे मागितले?" नाही. "मग लिहू काय मी?"

ओळखीच्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी मात्र विचार केला. म्हणाले, "चोरी म्हणावी, तर वस्तू तुमच्याकडेच आहे. फसवणूक म्हणावी, तर वडिलांनी आपणहून दिलंय. बदनामीची केस करता येईल. पण मग कोर्टात तो कागद मोठ्याने वाचला जाईल, डाग खरा आहे का ते विचारलं जाईल. चालेल तुम्हाला?"

झाकायची गोष्ट झाकण्यासाठी भर कोर्टात उघडी करायची. मी घरी आले आणि उशीत तोंड खुपसून पडले. रडू आलं नाही, नुसता संताप. कुणाशी भांडायचं तेच कळत नव्हतं. जो भेटेल तो आपल्या परीने बरोबरच बोलत होता.

गेटवरचा प्रकार आईने अण्णांना सांगितला. दुसऱ्याच दिवशी ते सकाळची एसटी धरून श्रीरामपूरला गेले, तिथून संगमनेरला. अंधार पडल्यावर परतले, दमलेले, पण चेहऱ्यावर थोडं समाधान.

"काढलं का?" मी विचारलं.

"काढत नाहीत ते. म्हणतात, नगरहून आलंय, नगरवाल्यांनी सांगायला हवं. पण बरं झालं गेलो. संगमनेरच्या लोकांनी 'सर्वांगावर कोड' असं लिहून ठेवलं होतं. मी तिथंच बसून दुरुस्त करून घेतलं. 'पाठीवर लहान डाग, वाढत नाही.' शुद्धलेखनसुद्धा तपासलं."

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, त्याने माझी माहितीही तपासून दिली होती. पण मग त्यांच्या धुळीने माखलेल्या चपला दिसल्या आणि पुढचं बोलणं मी गिळलं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, ते केंद्रामुळे नाही. टूल रूममधला एक जण ड्रॉइंग समजून घ्यायला येत असे. शांत माणूस. ओळख वाढली तेव्हा मी ठरवलं, त्याला सांगायचं ते आपल्या तोंडानेच सांगायचं. कॅन्टीनच्या मागच्या बाकावर धीर करून सुरुवात केली.

"तुम्हाला एक सांगायचं आहे. माझ्या पाठीवर..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "कंपनीत सगळ्यांनाच माहीत आहे."

आयुष्यातली ती एक गोष्ट कुणाला, कधी, कशी सांगायची हे मी ठरवणार होते, आणि तेवढंही माझ्या हातात उरलं नव्हतं. त्याला ते दिसलं असावं. तो म्हणाला, "पण तुमच्याकडून नाही ऐकलं मी. सांगा तुम्ही."

मग मी पहिल्यापासून सांगितलं. लहानपणी तो डाग आईला पहिल्यांदा दिसला तिथपासून. त्याने ऐकून घेतलं.

लग्नानंतरही लोक यायचे थांबले नाहीत. मुलगी झाली त्यानंतर एकदा घोडेगावकडची मंडळी जीप करून आली. मी त्या दिवशी माहेरी आले होते. पोरीला कडेवर घेऊन मीच दार उघडलं.

"मुलगी बघायला आलोय," त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले.

"मुलगी मीच. ही माझी मुलगी."

ते बिचारे इतके ओशाळले की मलाच चहा टाकावा लागला. त्यांच्याबरोबरच्या म्हाताऱ्या आजींनी चहा पिता पिता माझ्या जवळ सरकून हळूच विचारलं, "बाई, त्यो डाग बरा झाला का गं?"

"नाही, आहे तेवढाच आहे," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?

काही वर्षांनी नगरचं ते केंद्र बंद झालं. त्या गाळ्यात बॅगांचं दुकान आलं होतं. एकदा पोरीसाठी दप्तर घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराला विचारलं, आधीच्या माणसाचं मशीन, फ्लॉप्या वगैरे कुठं गेलं काही कल्पना आहे का. तो म्हणाला, कुणीतरी टेम्पोत भरून नेलं. कुणी नेलं, ते त्याला माहीत नव्हतं.