छीबाई आणि पळवलेला तालुका

आमच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळा गाव पाठीमागे छीबाई म्हणायचा. नाव हलीमाबी, माहेर औरंगाबादचं. रक्तापुवाची त्यांना कधी शिसारी आली नाही, पण माणसांची घाण दिसली की नाक वर जायचं आणि "छी!" उमटायचं. पोलीस ॲक्शननंतर थोड्याच वर्षांनी मी लग्न होऊन या गावात आले. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाई शेणाचे हात पदराला पुसत खोलीत शिरल्या, तर या बाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं. "हात हैं के खुरपे? अम्मा, लेकरू धरायचंय, गवरी नाय!" सासूबाईंनी त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला. मुलगी मात्र ठणठणीत.

आमचं गाव तेव्हा तालुक्याचं. गढीत तहसील कचेरी, शेजारी कोर्ट, मागे दवाखाना. निजामाचं राज्य गेलं, उर्दू कागद मराठीत आले, तरी कचेरी हलली नाही, याचा गावाला केवढा ताठा! खरं तर ती मूळची घाटाखालच्या गावातली. तिथे प्लेग आला, लोक रानात झोपड्या घालून पडले, तेव्हा आमच्या मंडळींनी हैदराबादेत खटपट करून ती वर आणली होती. माझे सासरे हा पराक्रम पारावर सांगत असताना एकदा छीबाई तिथून चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "मुर्द्याच्या अंगावरची चादर खेचली तुम्ही, मामा. त्याची काय बढाई?"

पुढे आमच्यावरही तीच वेळ आली. कन्नड गावाकडे जाणाऱ्या सडकेवरच्या एका गावात एसटी थांबू लागली आणि तिथल्या पुढाऱ्याने तालुका तिकडे न्यायचं घाटलं. सडकेला लागून त्याची पडीक जमीन होती. आमच्याकडे सभा झाल्या, घोषणा झाल्या. ज्यांचा घसा सर्वांत मोठा, त्यांनीच गुपचूप त्या जमिनीत दुकानांसाठी जागा धरल्या. माझे थोरले दीर त्यातलेच. कचेरी गेली, कोर्ट गेलं, आणि एका सकाळी दवाखान्याच्या खाटाही गाडीवर चढल्या. छीबाईंनी दिरांना रस्त्यात गाठलं.

"कचेरी ले जाव, मेरेकू क्या! दवाखाना कायकू? बाया काय कोर्टात बाळंत व्हतात?"

दीर हसले. "तालुक्यामागं दवाखाना जातो, बाई. सरकारी रीत हाय ती."

दोन महिन्यांत त्याच दिरांच्या बायकोला, माझ्या जाऊबाईंना, कळा सुरू झाल्या. मूल आडवं. सुईणीने हात टेकले. बैलगाडी दीर हाकत होते, आत जाऊबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. निम्म्या वाटेत त्यांनी घट्ट धरलेला माझा हात सुटला.

दवाखान्याबरोबर तिकडे गेलेल्या छीबाईंनी नव्या पायरीवर गोधडी उचलून पाहिलं आणि परत झाकली. समोरच कचेरीच्या उद्घाटनाचा मांडव होता. पुढारी तिथून लगबगीने आला. हातात पेढ्यांचा पुडा. "लई वाईट झालं. पण आता दवाखाना सडकेवर आलाय, पुढच्या बायांची सोय झाली बघा." बोलता बोलता सवयीने त्याने पुडा पुढे केला, आणि माझ्या दिरांनी त्यातला पेढा घेतला.

छीबाई भिंतीकडे वळल्या आणि भडाभडा ओकल्या. मग तोंड पुसून, मांडवातल्या साहेबलोकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढाऱ्याला म्हणाल्या, "तू तालुका नाय बसवला. जमीन विकली. ही बाई त्यात गेली."

महिन्याच्या आत त्यांची फर्दापूरकडच्या एका खेड्यात बदली झाली. जाताना मला म्हणाल्या, "दिवस गेले तर सातव्यातच माझ्याकडे ये. इन लोगां के भरोसे मत रह." मी गेले. सासरचे संतापले, तरी गेले. माझा मुलगा त्यांच्या खोलीत, त्यांच्या हातांवर जन्मला.

काही वर्षांनी छीबाई वारल्याची खबर आली. मी आणि यजमान निघालो. सडकेवरच्या गावात एसटी थांबली, तर त्या पुढाऱ्याचा सत्कार चालला होता. आमचं अख्खं गाव ट्रक करून तिथे लोटलं होतं. हार घेऊन सर्वांत पुढे माझे दीर उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि हसून हात केला. यजमानांचाही हात खिडकीत वर जाऊ लागला. मी तो धरून खाली ओढला आणि काच लावून घेतली.